पोखरलेला धातू आणि भाजलेली काच : सापळा-घड्याळे व मीनाकाम यांतील कारागिरीचे मूल्यमापन

प्रस्तावना

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि यांत्रिक घड्याळ उपयुक्ततेच्या कसोटीवर कायमचे हरले. ‘अ‍ॅस्ट्रॉन’ची चूक महिन्याला पाच सेकंदांच्या आसपास होती. याउलट स्वित्झर्लंडमधील अधिकृत चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या यांत्रिक क्रोनोमीटरला एका दिवसात उणे चार ते अधिक सहा सेकंद इतकी मुभा असते. पुढील दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील सुमारे नव्वद हजार कामगारांची संख्या जवळपास एक तृतीयांशावर आली. जो व्यवसाय अचूकतेच्या बळावर उभा होता, त्याला अचूकतेखेरीज दुसरे कारण शोधणे भाग पडले. आणि ते कारण त्याने कारागिरीत शोधले.

या शोधात दोन जुन्या कला पुन्हा पुढे आल्या. पहिली, घड्याळाच्या यंत्रातील धातू पोखरून त्याची जाळी करण्याची. दुसरी, धातूवर काचेची पूड भाजून रंगीत पृष्ठभाग तयार करण्याची, म्हणजेच मीनाकामाची. आज जिनेव्हा आणि जुरा पर्वतराजीतील महागड्या घड्याळांच्या संग्रहात या दोन्ही कलांना मानाचे स्थान आहे. त्यांविषयी लेखनही विपुल होते. परंतु हे लेखन बहुतांशी विक्रेत्याचे असते. अमुक तबकडीला इतके तास लागले, अमुक यंत्राला इतके महिने लागले, हा त्याचा ठरलेला युक्तिवाद. तास हे श्रमाचे माप आहे, गुणाचे नव्हे, हे साहित्याच्या वा चित्रकलेच्या समीक्षेत कोणालाही सांगावे लागत नाही. दहा वर्षे लिहिलेली कादंबरी केवळ त्या कारणाने चांगली ठरत नाही. मग घड्याळाच्या बाबतीत हा हिशेब आपण निमूटपणे का स्वीकारावा?

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचे उदाहरण घेऊन असे दाखवले होते की, ज्याला आपण सौंदर्य म्हणतो त्यात वस्तूच्या महागपणाचे कौतुक बेमालूम मिसळलेले असते. महागड्या घड्याळांना हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. तरीही तेवढ्याने विषय संपत नाही. व्हेब्लेन यांचा चमचा चांगला घडवला आहे की वाईट, हा प्रश्न त्यांच्या विवेचनाबाहेरच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

संज्ञांविषयी

फ्रेंचमध्ये या घड्याळांसाठी दोन शब्द वापरले जातात. एक ‘स्केलेत’, म्हणजे सापळा; दुसरा ‘आझुरे’, ज्याच्या मुळाशी ‘झूर’ हा दिवस वा उजेड या अर्थाचा शब्द आहे. ‘आझुरे’ म्हणजे उजेडाला वाट करून दिलेले. मराठीतील ‘जाळीकाम’ हा शब्द या दुसऱ्या संज्ञेच्या अधिक जवळचा आहे. दोन्ही शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जात असले तरी त्यांतील कल्पना भिन्न आहेत, आणि समीक्षेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

‘सापळा’ म्हटले की जे आधीपासून आत होते ते उघडे पडले, असा भास होतो. मांस गळाले, हाडे उरली. परंतु घड्याळाच्या यंत्रात असा कोणताही सापळा दडलेला नसतो. यंत्राची मुख्य प्लेट आणि तिच्यावरील ब्रिज भरीव असतात. त्यातील किती धातू ठेवायचा आणि तो कोणत्या आकारात ठेवायचा, हे कारागीर ठरवतो. म्हणजे सापळा उघडकीस येत नाही, तो घडवला जातो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ‘यंत्राचा आत्मा उघड करणे’ अशा प्रकारची भाषा सर्रास आढळते. ती काव्यात्म असेल. पण ती कारागिराच्या निवडीला झाकून टाकते. म्हणून प्रक्रियेसाठी ‘जाळीकाम’ आणि रूढ झालेल्या वस्तूसाठी ‘सापळा-घड्याळ’ अशी शब्दयोजना येथे केली आहे.

मीनाकामातही हाच ‘झूर’ पुन्हा भेटतो. ‘प्लीक-आ-झूर’ या प्रकारात धातूच्या नाजूक चौकटीत काच भाजली जाते आणि तिच्यामागे धातूचा आधार ठेवलाच जात नाही; चर्चच्या रंगीत खिडकीप्रमाणे उजेड आरपार जातो. एक कला धातू काढून उजेड आत घेते, तर दुसरी काच घालून. दोघींचे नाते वरवर दिसते त्याहून जुने आहे.

जाळीकाम : वजाबाकी आणि तिच्या मर्यादा

सापळा-घड्याळाच्या निर्मितीचे श्रेय सामान्यतः पॅरिसचे घड्याळजी आंद्रे-शार्ल कॅरों यांना, १७६० च्या सुमाराच्या कामासाठी, दिले जाते. पद्धत तत्त्वतः आजही तीच आहे. प्लेटवर नक्षीची रेघ आखायची, तिच्या आत बारीक छिद्र पाडायचे, त्यातून सोनारी करवतीचे केसासारखे पाते ओवायचे आणि रेघ सांभाळत नको असलेला तुकडा कापून काढायचा. त्यानंतर कानशीने कडा साफ करायच्या, वरची कड पंचेचाळीस अंशांत तिरकी तासायची आणि ती आरशासारखी चकाकेपर्यंत ओपायची. जुरा भागातील कारागीर या अखेरच्या ओपणीसाठी जेन्शियन नावाच्या डोंगरी वनस्पतीचे वाळलेले देठ वापरत आले आहेत. तो गर इतका मऊ आणि तरीही चिवट असतो की घासणीचे लुकण त्यात बरोबर धरून राहते.

वर्णन सोपे आहे, काम सोपे नाही, कारण येथे सौंदर्याचे आणि यंत्रशास्त्राचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत. घड्याळातील प्रत्येक चाकाच्या आसाला दोन्ही टोकांना माणकाच्या छिद्रात टेकू मिळतो. या छिद्रांमधील अंतर ठरलेले असते, कारण चाकाचे दाते पुढच्या चाकात किती खोल शिरावेत हे त्यावरून ठरते. धातू जास्त काढला तर प्लेट लवते. लवली की अंतर बदलते. अंतर बदलले की दाते एक तर अडकतात, नाहीतर घसरतात. कमानीच्या डब्यावरील ब्रिजला तर पूर्ण चावी दिलेल्या कमानीचा ताण सतत सोसावा लागतो. व्हाशरों कॉन्स्टंटिन या संस्थेचे १९५५ चे कॅलिबर १००३ हे यंत्र मुळातच केवळ १.६४ मिलिमीटर जाडीचे आहे. त्याचीही जाळी केली गेली, तेव्हा कारागिराच्या हाताला उरलेली मुभा किती होती याची कल्पना करता येईल.

येथे डेव्हिड पाय यांनी १९६८ च्या ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ या ग्रंथात मांडलेला भेद उपयोगी पडतो. त्यांनी कारागिरीचे हाताची आणि यंत्राची असे दोन भाग केले नाहीत. त्यांच्या मते तो भेद फसवा आहे. त्यांनी भेद केला तो जोखमीच्या आणि निश्चितीच्या कारागिरीत. ज्या कामात परिणाम शेवटच्या क्षणापर्यंत कर्त्याच्या निर्णयावर, कौशल्यावर आणि सावधपणावर अवलंबून असतो, ते जोखमीचे. ज्यात परिणाम काम सुरू होण्यापूर्वीच साच्याने वा यंत्राने निश्चित केलेला असतो, ते निश्चितीचे. कॅरों यांची करवत पहिल्या प्रकारात मोडते. आज बऱ्याच कार्यशाळांत प्लेट कापण्याचे काम विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवत जाणारी बारीक तार करते आणि तिची वाट संगणकावर आधीच आखलेली असते. हे काम निश्चितीचे आहे. त्यात लज्जास्पद काही नाही. पाय यांनी स्वतः निश्चितीच्या कारागिरीला कमी लेखलेले नाही. लज्जास्पद आहे ते एवढेच की, विकताना मात्र करवतीचे चित्र दाखवले जाते.

मग जोखीम उरते कोठे? ती आतल्या कोपऱ्यांत उरते. गोल फिरणारे हत्यार आतल्या बाजूचा टोकदार कोपरा साफ करू शकत नाही. तेथे नेहमी थोडी गोलाई राहते. दोन तिरक्या, चकचकीत कडा जेथे आत मिळतात तेथील ती तीक्ष्ण रेघ हातानेच काढावी लागते, आणि कानस एकदा पुढे गेली की ती रेघ परत येत नाही. जाणकार संग्राहक भिंग घेऊन हाच कोपरा पाहतात, ते याचसाठी. ही कसोटी योग्य आहे. परंतु अलीकडे तिचाच अतिरेक होऊ लागला आहे. कोपरे मोजण्याची हौस वाढली, आणि यंत्राला गरज नसलेल्या ठिकाणीही कोपरे दिसू लागले. जो कोपरा केवळ मोजला जावा म्हणून काढला आहे, तो कितीही निर्दोष असला तरी अलंकारावरचा अलंकार होय.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सापळा-घड्याळ पारदर्शकतेचे आश्वासन देते. प्रत्यक्षात पाहणाऱ्याला काय कळते? तासाला २८,८०० स्पंदने या प्रचलित वेगाने चालणाऱ्या यंत्रात बॅलन्स व्हील सेकंदाला आठ झोके घेते. एस्केपमेंटमध्ये नेमके काय घडते ते मानवी डोळा टिपू शकत नाही. दिसते ती हालचाल. कळते ती फारच थोडी. त्यात भर म्हणजे तबकडीच गेल्यामुळे काटे यंत्राच्या गर्दीत हरवतात आणि वेळ वाचणे कठीण होते. सर्व काही दाखवणारे घड्याळ जर वेळच दाखवत नसेल, तर ते दाखवणे कशासाठी?

याला चांगले उत्तर देणारी उदाहरणे आहेत. ओदेमार पिगे या संस्थेने २०१६ मध्ये रॉयल ओक मालिकेत एकाच आसावर दोन बॅलन्स व्हील आणि दोन हेअर स्प्रिंग बसवलेले जाळीदार घड्याळ सादर केले. दोन चक्रांचे एकत्र स्पंदन यंत्राला अधिक स्थिर ठेवते, हा त्यामागील विचार. ही रचना मुख्य प्लेटच्या आड असती तर ती समजलीच नसती. येथे धातू काढण्याला कारण आहे, आणि कारण दिसल्यावर उरलेल्या जाळीकडेही आपण अधिक आदराने पाहतो.

मीनाकाम : अग्नीवर सोपवलेला निर्णय

मीनाकामाची सामग्री अगदी साधी आहे. मुळात ती काच आहे. तिला वितळणे सुलभ व्हावे म्हणून क्षार मिसळलेले असतात आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडे. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, कथिलाने अपारदर्शक पांढरा, तर सोन्याने गुलाबी-लाल रंग येतो. काच खलात कुटून, पाण्याने धुऊन, तिची ओली पूड धातूच्या पत्र्यावर कुंचल्याने वा पिसाच्या टोकाने पसरतात आणि आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत क्षणभर ठेवतात. पत्रा काढला, थंड केला, की दुसरा थर. असे कित्येक वेळा. जिनेव्हाच्या परंपरेत पांढऱ्या थरावर लघुचित्र रंगवून, ते भाजून, अखेरीस त्यावर पारदर्शक काचेचे आवरण चढवतात, म्हणून तेथील जुनी चित्रे ओल्या गारगोटीसारखी खोल दिसतात.

पत्र्याच्या मागल्या बाजूलाही मीना चढवावा लागतो, ही गोष्ट ग्राहकाला सहसा माहीत नसते. काच आणि धातू थंड होताना सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत. एकाच बाजूला काच असेल तर पत्रा वाकतो आणि काच तडकते. मागचा थर हा ताण तोलून धरतो. तो कोणीही पाहणार नसतो. आपल्याकडील जयपुरी कुंदनाच्या दागिन्यांतही मागील बाजूस मीनाकाम असते. पण तेथे ते अंगाला लागणाऱ्या बाजूचे मुद्दाम केलेले लाड असतात, येथे ती निव्वळ भौतिक गरज आहे. साम्य पाहून दोन्ही परंपरांना एका सूत्रात ओवण्याचा मोह आवरला पाहिजे.

पाय यांच्या परिभाषेत मीनाकाम हे जोखमीच्या कारागिरीचे जवळजवळ शुद्ध उदाहरण ठरते. जाळीकामातील जोखीम हाताची आहे. येथे ती हाताबरोबर अग्नीचीही आहे. शेवटच्या भाजणीत एक बुडबुडा फुटला, धुळीचा एक कण पडला, एखादा रंग दोन अंश जास्त तापून काळवंडला, तर आधीच्या सर्व भाजण्या वाया जातात. दुरुस्ती जवळजवळ अशक्य. त्यामुळे काय रंगवायचे याइतकाच कोणत्या क्रमाने भाजायचे हा निर्णय महत्त्वाचा असतो. ज्या रंगाला अधिक उष्णता लागते तो आधी, नाजूक रंग नंतर. चित्रकाराचा क्रम दृष्टी ठरवते, मीनाकाराचा क्रम भट्टी ठरवते.

परंतु येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. मीनाकाम जितके यशस्वी, तितकी त्यातील जोखीम अदृश्य. ल लॉक्ल येथील दॉन्झे काद्रां ही १९७२ मध्ये स्थापन झालेली आणि २०११ मध्ये युलिस नार्दां या कंपनीने विकत घेतलेली छोटी कार्यशाळा मीन्याच्या पांढऱ्या तबकड्यांसाठी ओळखली जाते. अशी पांढरी तबकडी आणि उत्तम रंग दिलेली साधी धातूची तबकडी यांतील भेद सामान्य माणसाला दोन हातांवरून कळणे कठीण. जवळून पाहिले तर मीन्याच्या कडेला, मधल्या छिद्राशी, काच किंचित उतरलेली दिसते. पांढरा रंग निव्वळ पांढरा न वाटता दुधाळ वाटतो. आणि दुसरा, खरा भेद काळ दाखवतो. रंग पिवळा पडतो, मीना पडत नाही. अठराव्या शतकातील ब्रेगे यांच्या तबकड्या आजही शुभ्र आहेत. म्हणजे या कलेचे मूल्य ज्या गुणात आहे तो पाहायला ग्राहकाला बहुधा आयुष्य पुरत नाही.

दोन्ही कला एकत्र

या दोन कला एका वस्तूत आल्या की समीक्षेचा प्रश्न बदलतो. एक कला उघडते आणि दुसरी झाकते. मग त्या एकमेकींना काय देतात? केवळ शेजारी मांडल्याने संबंध निर्माण होत नाही. महागड्या घड्याळांपैकी पुष्कळशी याच ठिकाणी फसतात : जाळीही आहे, मीनाही आहे, हिरेही आहेत, पण एकाने दुसऱ्याला बोलावलेले नाही.

संबंध कसा असावा याचा एक जुना नमुना फ्लरिए या गावातील एकोणिसाव्या शतकातील घड्याळांत सापडतो. एदुआर बोव्हे यांनी १८२२ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेली संस्था आणि तिच्या बरोबरीच्या काही संस्था चीनच्या बाजारपेठेसाठी खिशातील घड्याळे बनवत. पुढे पांढऱ्या मीन्याची साधी तबकडी. मागील झाकणावर जिनेव्हाच्या मीनाकारांनी रंगवलेली फुले, पक्षी वा देखावे, कडेला बहुधा मोत्यांची रांग. आणि ते झाकण उघडले की काचेखाली नक्षीदार, सडपातळ कोरीव ब्रिज असलेले यंत्र. ही घड्याळे अनेकदा जोडीने विकली जात आणि दोहोंवरील चित्रे आरशातील प्रतिबिंबासारखी असत. येथे तीन पृष्ठभाग आहेत आणि त्यांना क्रम आहे. वेळ सर्वांसाठी, चित्र जवळच्यांसाठी, यंत्र फक्त धन्यासाठी. मीना येथे जाळीवरचा पडदा आहे, आणि पडदा असल्यामुळेच तो बाजूला सारण्याला अर्थ येतो. आजची सापळा-घड्याळे सर्व काही एकाच वेळी, एकाच काचेखाली दाखवतात. उत्कंठा नावाची गोष्ट त्यांनी गमावली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आधुनिक उदाहरणांत व्हाशरों कॉन्स्टंटिनने २०१४ मध्ये सादर केलेल्या ‘मेकानिक आझुरे’ या घड्याळाचा विचार आवश्यक आहे. कॅलिबर ४४०० हे हाताने चावी देण्याचे, २.८ मिलिमीटर जाडीचे यंत्र त्यासाठी पोखरले गेले. त्याच्या ब्रिजना एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रेल्वे स्थानकांच्या कमानींचे रूप कोरून दिले आहे, आणि या जाळीभोवती काळ्या, निळ्या किंवा करड्या मीन्याचे एक कडे आहे. चित्र नाही, नक्षी नाही. एकाच रंगाचे वर्तुळ. हा संयम या घड्याळाचा सर्वांत मोठा गुण होय. जाळीने तबकडी काढून घेतली, तेव्हा डोळ्याला टेकायला जागा उरली नाही. मीन्याचे कडे ती जागा परत देते. शिवाय पोखरलेल्या धातूच्या तुटक चकाकीशेजारी भाजलेल्या काचेचा सलग, खोल रंग ठेवल्याने दोघांचेही गुण उठून दिसतात. येथे मीना अलंकार राहत नाही, तो जाळीच्या उणिवेवरचा इलाज ठरतो.

आक्षेप आहे तो कमानींना. स्थानकांच्या लोखंडी कमानी प्रचंड छताचा भार पेलत; त्यांचा डौल त्या भारातून आला होता. घड्याळातील ब्रिज चाकांचे आस धरतो, हे खरे. पण त्याची कोरून काढलेली गोलाई काहीही पेलत नाही. उपमा सुंदर आहे, कोरीव काम त्याहून सुंदर आहे, आणि तरीही ती उपमाच राहते. जॉन रस्किन यांनी इमारतींच्या बाबतीत रचनेचे खोटे सोंग आणि रचनेचा अलंकार यांत जो विवेक केला, तो येथे लावला तर हे घड्याळ निर्दोष सुटत नाही, मात्र शिक्षाही होत नाही; कारण आपण भार पेलतो आहोत असा भास ते कोणालाही गंभीरपणे करून देत नाही.

याच्या शेजारी कार्टिए कंपनीचे २००९ चे जाळीदार ‘सांतोस’ ठेवून पाहावे. त्यातील कॅलिबर ९६११ एमसीचे ब्रिज स्वतःच रोमन अंकांच्या आकाराचे आहेत. जो धातू यंत्राला धरतो तोच वेळही वाचून दाखवतो. येथे मीनाकाम नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण जाळीने निर्माण केलेली उणीव जाळीनेच भरून काढली आहे. कल्पनेच्या दृष्टीने प्रस्तुत लेखक या घड्याळाला वरील घड्याळापेक्षा वरचे स्थान देईल. हाताच्या कामाच्या दृष्टीने मात्र नाही. हे दोन निकाल एकाच वस्तूविषयी वेगवेगळे लागू शकतात, आणि ते वेगळे ठेवणे हेच समीक्षकाचे काम.

नावाचा प्रश्न

वरील विवेचनात वारंवार संस्थांची नावे आली. हे अपरिहार्य होते, आणि तीच या क्षेत्रातील मूळ अडचण आहे. वस्तूवर घराण्याचे नाव असते. ज्या हाताने कोपरा काढला त्याचे नसते.

या व्यवसायात नावासाठीची पहिली गाजलेली लढाई सापळा-घड्याळाच्या जनकाच्याच घरात झाली. आंद्रे-शार्ल कॅरों यांच्या पिएर-ओग्युस्तां या तरुण मुलाने १७५३ मध्ये एक नवी एस्केपमेंट शोधून काढली. ती त्याने लपोत या प्रतिष्ठित घड्याळजींना विश्वासाने दाखवली आणि त्यांनी ती स्वतःची म्हणून जाहीर केली. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने माघार घेतली नाही. त्याने प्रकरण पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे नेले आणि १७५४ मध्ये अकादमीने त्याच्या बाजूने निर्णय दिला. हाच मुलगा पुढे बोमार्शे या नावाने ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’चा नाटककार झाला. फ्रान्समधील नाटककारांच्या हक्कांसाठी त्यानेच पुढे संघटना उभारली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ज्याने तरुणपणी एका चाकावरचा हक्क सिद्ध केला, त्याला लेखकाचा हक्क म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नसेल.

मीनाकारांना हा हक्क तुलनेने लवकर मिळाला. १६३० च्या सुमारास झां तुतां यांनी पांढऱ्या मीन्यावर चित्र रंगवण्याची पद्धत रूढ केली आणि मीनाकार कारागीर न राहता चित्रकार होऊ लागला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिनेव्हाचे ह्यूओ बंधू घड्याळांच्या झाकणांवर स्वाक्षरी करत. त्यांतील दोघांना १६८६ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या राजदरबारी चित्रकार म्हणून नेमणूक मिळाली. विसाव्या शतकात कार्लो पोलुझी, त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या सुझान रोर आणि रोर यांच्याकडून शिकलेल्या अनिता पॉर्शे अशी गुरुशिष्य परंपरा जिनेव्हाच्या लघुचित्र-मीन्याला क्वार्ट्झच्या पडत्या काळातून पार घेऊन आली. २०१७ मध्ये जिनेव्हाच्या घड्याळ-पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार रोर आणि पॉर्शे या दोघींना मिळून दिला गेला. कोणत्याही घराण्याला नव्हे, दोन व्यक्तींना. पॉर्शे यांची स्वाक्षरी आज ज्या तबकडीवर असते, ती तबकडी संग्राहक त्या स्वाक्षरीसाठीही शोधतात.

जाळीकाराच्या बाबतीत असे घडलेले नाही. आर्मिन श्ट्रोम यांच्यासारख्या ज्या मोजक्यांची नावे माहीत झाली, ती स्वतःच्या नावाने धंदा काढल्यामुळे. मोठ्या घराण्यांच्या कार्यशाळांत करवत आणि कानस चालवणारे अनामिकच राहिले. याचे एक कारण सामग्रीत आहे. मीन्यात स्वाक्षरीला जागा असते. तिचा एक छोटा रंगीत ठिपका होतो आणि भाजून पक्का होतो. जाळीत जागाच उरलेली नसते. दुसरे कारण मात्र सामग्रीतील नाही. मीनाकार पुष्कळदा स्वतंत्र व्यवसाय करतो आणि एकाहून अधिक घराण्यांसाठी काम करतो, म्हणून त्याला स्वतःचे नाव लागते. जाळीकार बहुधा पगारी नोकर असतो आणि त्याचे कौशल्य संस्थेच्या मालमत्तेत धरले जाते. १८८६ च्या कायद्याने सुरू झालेली जिनेव्हाची मोहोर यंत्राच्या कामाच्या दर्जाची ग्वाही देते. पण तीही गाव सांगते, माणूस सांगत नाही.

२०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील यांत्रिक घड्याळनिर्मितीचे कौशल्य मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले. वारसा म्हणून जे नोंदले गेले ते हातातील ज्ञान आहे, वस्तू नव्हे. असे असूनही लिलावाच्या सूचीत घराणे छापले जाते, कॅलिबरचा क्रमांक छापला जातो, सोन्याचा कस आणि पेटीचा व्यास छापला जातो, मीनाकार ठाऊक असल्यास त्याचेही नाव आवर्जून येते. आतल्या कोपऱ्यांसाठी मात्र ‘हाताने पूर्ण केलेले’ एवढेच दोन-तीन शब्द असतात, आणि कोणाच्या हाताने, ही जागा मोकळी राहते.